गाडी लागते, की पोटात काही गेलंय?

भोरच्या एसटी स्टँडापासून चार पावलांवर आमचं औषधांचं दुकान आहे. १९८६ साली मी डी. फार्म. झाले, त्याच वर्षी लग्न होऊन वेल्ह्याकडून इथं आले आणि सासऱ्यांच्या काउंटरमागे उभी राहिले. आता गुडघे कुरकुरतात म्हणून स्टूल ठेवलंय, एवढाच फरक. इतक्या वर्षांत आमच्याकडं हमखास खपलेली वस्तू कोणती म्हणाल, तर उलटीची गोळी. महाडची गाडी नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेनं वळणं घेत वर चढते आणि वाघजाईपासून वरंधा घाट उतरायला लागते. ज्याला घाट लागतो त्याला शिरगावच्या आधीच घाम फुटतो. काहींना तर स्टँडावर डिझेलचा वास आला तरी मळमळतं. म्हणून गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी कुणीतरी धावत येतं, अर्धं लक्ष कंडक्टरकडं, आणि म्हणतं, "उलटीची गोळी द्या, लवकर."

मी विचारते, "गाडी लागते, की पोटात काही गेलंय?"

लोक वैतागतात. उलटी ती उलटी, त्यात काय विचारायचं! पण उलटीच्या घराला एक दार नाही. गाडी लागते तेव्हा पोटाचा काही दोष नसतो. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा एक सांगते, डोळे दुसरंच सांगतात आणि मेंदूचा गोंधळ उडतो. त्या वाटेवरचे निरोप अवोमिनसारखी गोळी अडवते. पोटात वंगाळ काही गेलं असेल, तर तक्रार आतड्यातून वर जाते. तिथं ऑनडॅनसेट्रॉन लागतं, आणि ते घाटातल्या मळमळीवर फारसं चालत नाही. एकाची गोळी दुसऱ्याला दिली, तर पैसे वाया जातात आणि वर खिडकीशेजारच्याचे कपडे खराब होतात.

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. शनिवारी दुपारी पुण्याकडचा एक मुलगा आला. पंचविशीचा असेल. पाठीवर सॅक, पायात ट्रेकचे बूट.

"काकू, ऑनडेम आहे का? दहा गोळ्या द्या."

"चिठ्ठी आहे?"

"चिठ्ठी नाहीये. आम्ही मित्र चाललोय, वेल्ह्याकडं. फार्महाऊसवर."

"मग दहा जणांचं पोट एकदम बिघडणार आहे होय?"

तो हसला. मग जरा इकडंतिकडं बघून म्हणाला, "तिथं आम्ही एक काढा घेणार आहोत. ॲमेझॉनच्या जंगलातला असतो. त्यानं खूप उलट्या होतात म्हणे. आधीच गोळी घेऊन ठेवली तर?"

काढ्याचं नाव त्यानं सांगितलं, आयाहुआस्का. मी ते वाचलं होतं, काउंटरवर पहिल्यांदा ऐकलं. सवयीनं पुढचा प्रश्न विचारला, "तुझं दुसरं कुठलं औषध चालू आहे का?"

"एस्सिटालोप्राम. दहाची. वर्ष झालं."

मी ड्रॉवर बंद केला, त्याला आत बोलावून स्टुलावर बसवलं आणि पलीकडून दोन कटिंग मागवले.

त्याला जे सांगितलं, ते इथं जरा सविस्तर लिहिते. हा काढा दोन वनस्पतींचा असतो. एक जाड वेल, बॅनिस्टेरिओप्सिस कापी. रिचर्ड स्प्रूस या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं १८५२ साली ब्राझीलच्या उत्तरेला ती पाहिली आणि नोंदवली. दुसरी एक झुडूपवजा वनस्पती, सायकोट्रिया व्हिरिडिस, तिची पानं. पानांत डीएमटी नावाचा पदार्थ असतो. नजरेसमोर चित्रं उभी करणारा हाच. पण नुसती पानं उकळून प्यायली तर काहीच होत नाही, कारण आपल्या आतड्यात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर बसलेलं असतं आणि ते डीएमटीचा वाटेतच फडशा पाडतं. वेलीतलं हार्मिन त्या विकरालाच झोपवतं. पहारेकरी झोपला, की डीएमटी मेंदूपर्यंत पोचतं. हजारो झाडांच्या जंगलात नेमकी ही जोडी तिथल्या माणसांनी शोधली, याचं मला एक औषधं विकणारी बाई म्हणून फार कौतुक वाटतं.

पण तो पहारेकरी फक्त डीएमटीसाठी बसलेला नसतो. त्याचं रोजचं काम सेरोटोनिन मोडून काढण्याचं. सेरोटोनिन म्हटलं की लोकांना मेंदू आणि मूड आठवतो. प्रत्यक्षात शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं. एर्स्पामर या इटालियन संशोधकाला १९३० च्या दशकात ते सापडलं तेही आतड्याच्या अस्तरात, आणि त्यानं त्याचं नाव आतड्यावरूनच ठेवलं होतं. अस्तरातल्या काही खास पेशी त्याचा साठा करून बसतात. नको ते काही आलं, की त्या सेरोटोनिन सोडतात. शेजारीच व्हेगस नावाच्या लांबलचक नसेची टोकं असतात. ती चाळवली, की निरोप थेट मेंदूच्या बुंध्याशी जातो आणि तिथून हुकूम सुटतो. तोंडाला पाणी सुटतं, अंगाला घाम येतो, पोटाचे स्नायू आवळतात आणि माणूस ओकतो. वेलीनं पहारेकरी झोपवलेला असल्यामुळं हे सेरोटोनिन मोडलं जात नाही, साचत जातं. मोरी तुंबली की पाणी घरात चढतं, तसं.

हे एक दार झालं. दुसरं दार मेंदूच्या बुंध्याशीच आहे. मेंदूभोवती रक्तातल्या बऱ्याचशा पदार्थांना अडवणारी एक चाळण असते. पण या एका ठिपक्याएवढ्या जागी ती चाळण मुद्दाम विरळ ठेवलेली आहे. रक्तातून विष आलं, तर कुणाला तरी आधी चव कळायला हवी ना! काढ्यातली द्रव्यं रक्तात आली, की तीही इथं लागतात. तिसरं कारण अगदी साधं. हा काढा भयंकर कडू आणि तुरट असतो, वेलीतलं टॅनिन पोटाच्या अस्तराला ओढतं. कडू म्हणजे जपून, ही शिकवण जिभेला कुणी द्यावी लागत नाही. आणि चौथं कारण मनाचं. एकदा ओकून गेलेल्या माणसाला पुढच्या वेळी नुसत्या वासानं ढवळतं. केमोथेरपीचे काही रुग्ण दवाखान्याच्या पायऱ्या चढतानाच ओकतात. आमच्या स्टँडावरचं डिझेलचं तेच.

ऑनडॅनसेट्रॉन यातल्या मुख्यतः पहिल्या दाराला कडी लावतं, बाकीची बरीचशी उघडी राहतात.

पण उलटी ही या मुलाची खरी काळजी नव्हतीच. ती होती त्याच्या सॅकमधली एस्सिटालोप्रामची पट्टी. ते औषध सेरोटोनिन परत शोषून घेऊ देत नाही. म्हणजे औषधानं नळ चालू ठेवायचा आणि वेलीनं मोरी तुंबवायची. अशा वेळी जे होतं त्याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. थरथर, स्नायू कडक होणं, अंगात ताप चढणं, छाती धडधडणं, बेचैनी, आणि जास्त झालं तर मरण. नैराश्याच्या बऱ्याच गोळ्या, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, इतकंच काय, कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, ही सगळी या वेलीशी अशीच भांडतात. "मग दोन दिवस गोळी बंद ठेवतो," तो म्हणाला. दोन दिवसांत ते औषध अंगातून पुरतं जात नाही, आणि अशी गोळी एकदम बंद केली की तिचा वेगळा त्रास सुरू होतो. शिवाय डीएमटी आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे, हेही त्याला ठाऊक नव्हतं. काढा देणाऱ्या माणसानं त्याला उपाशी राहायला सांगितलं होतं, पांढरे कपडे आणायला सांगितलं होतं. औषधं कुठली घेतोस, हे विचारलं नव्हतं.

चहा संपत आला तेव्हा तो म्हणाला, "पण काकू, ते म्हणतात उलटी व्हायलाच हवी. आतलं सगळं वाईट बाहेर पडतं."

हे मात्र मी लहानपणापासून ऐकत आलेय. तिकडं ॲमेझॉनमध्ये त्या काढ्यालाच 'ला पुर्गा' म्हणतात, म्हणजे पोट साफ करणारा. आमच्या वेल्ह्याच्या खोऱ्यात त्यासाठी गेळफळ होतं.

गेळ तोरण्याच्या उतारावर कुठंही दिसेल. बुटकं, काटेरी झाड. फुलं उमलतात पांढरी आणि मग पिवळी पडतात. फळ लहान पेरूएवढं, पिकलं की पिवळं. आम्ही मुलं ते दगडानं ठेचून कानंदीच्या डोहात टाकायचो. पाण्याला साबणासारखा फेस यायचा आणि थोड्या वेळानं मासे गुंगून वर यायचे. फळात सॅपोनिन असतं, ते माशांच्या कल्ल्यांना बाधतं. माणसाच्या पोटात गेलं, की तेच सॅपोनिन अस्तराला झोंबतं, व्हेगस नस चाळवते आणि उलटी होते. म्हणजे पहिलंच दार. आजी वाळलेलं गेळफळ मडक्यात ठेवायची. कुणी नको ते खाल्लं, कुणाला "खाण्यातून करणी" झाल्याचा संशय आला, की गेळाचं पाणी. करणी काढणारा भगत माणसाला ओकवायचा आणि त्यातून निघालेली केसांची गुंतवळ सगळ्यांना दाखवायचा. ती त्याच्या मुठीतच असायची, हे मला कळायला फार्मसीच्या कॉलेजपर्यंत जावं लागलं नाही. थोरला भाऊ त्याच्या मागं उभा होता, त्यानं पाहिलं.

आयुर्वेदात याच फळाला मदनफळ म्हणतात आणि वमनाच्या औषधांत त्याचा मान पहिला. चरकसंहितेच्या कल्पस्थानात पहिलाच अध्याय मदनफळाचा आहे आणि त्यात त्याचे १३३ योग, म्हणजे औषधाच्या कृती, सांगितले आहेत. माझ्या नणंदेनं एका चैत्रात पुण्याला वमन करून घेतलं, मी सोबत होते. आधी काही दिवस तूप पाजलं, अंगाला तेल आणि शेक. आदल्या दिवशी दही, उडीद असं कफ वाढवणारं जेवण. सकाळी गळ्यापर्यंत दूध, मग गेळफळाच्या बियांचं चूर्ण, वेखंड, सैंधव आणि मध यांचं चाटण, वर ज्येष्ठमधाचं पाणी. वैद्यबाई शेजारी बसून उलटीचे वेग मोजत होत्या. मधून मधून नाडी बघायच्या. पिवळं पित्त दिसलं, तशा "बास" म्हणाल्या. पुढं चार-पाच दिवस पेजेवर. कफ खरोखर किती निघतो यावर वैद्यांशी वाद घालायची माझी तयारी नाही. मला आवडली ती मोजदाद. कुणाला द्यायचं नाही, किती द्यायचं, कुठं थांबायचं, हे तिथं ठरलेलं होतं.

एक गंमत सांगते. गेळ, कॉफी आणि त्या काढ्यातली पानं, तिन्ही एकाच कुळातली. त्याच कुळात ब्राझीलचं इपिकॅकही येतं. आमच्या अभ्यासाच्या पुस्तकात ओकारी आणणारं औषध म्हणून त्याचं सिरप होतं. पाश्चात्त्य देशांत घरोघरी ती बाटली असायची, मुलानं काही विषारी गिळलं तर पाजायला. मग अभ्यास होत गेले आणि कळलं, की पाजून फारसा फायदा होत नाही; कधी उलट तोटाच होतो. २००३ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ती बाटली घरात ठेवूच नका असं सांगितलं.

कारण ओकल्यावर जे बाहेर पडतं, ते उरलेलं असतं. जे लागलं, ते आधीच रक्तात गेलेलं. आयाहुआस्काची उलटी बहुतेकदा काढा पोटात गेल्यावर बऱ्याच वेळानं येते, तोवर त्याचा अंमल चढू लागलेला असतो. आणि कधी कधी तर पोटात बाहेर काढण्यासारखं काही नसतंच. घाट उतरला की पलीकडं महाडजवळ बिरवाडी आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रुजू झाले. लाल विंचू चावलेला माणूस ओकायला लागला आणि घामानं निथळला, की आता हृदयावर बेतणार, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपलं, 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं आणि पुढं प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवली. त्या माणसांनी काही खाल्लेलं नव्हतं. विष नांगीतून आलं होतं आणि उलटी फक्त वर्दी देत होती.

याच्या उलटही आहे, आणि ते जास्त वाईट. काही झाडं वर्दीच देत नाहीत. महादेवाला वाहतो तो धोतरा माणसाला वेडा करतो, पण त्याची ओळख उलटी ही नव्हे. त्यातलं हायोसिन तर गाडी लागू नये म्हणून औषधात वापरतात, परदेशात कानामागं लावायची पट्टी मिळते. भांगेतलं मुख्य द्रव्यही उलटी दाबणारंच; केमोथेरपीच्या रुग्णांसाठी त्याचं औषध अमेरिकेत १९८५ सालापासून आहे. तरी महाशिवरात्रीला लोक ओकतात, कारण भांग पोटातून सावकाश चढते. तासभर काही होत नाही म्हणून दुसरा पेला लावतात, मग दोन्ही एकदम चढतात. म्हणून "ओकला नाही, म्हणजे काही झालं नाही" हेही खरं नाही.

मी सहावीत असताना आमच्या आळीतल्या एका पोरानं धोतऱ्याचं काटेरी बोंड फोडून बिया खाल्ल्या. संध्याकाळी तो हवेतले धागे वेचायला लागला. तोंड कोरडं ठक्क, डोळ्यांच्या बाहुल्या काळ्याभोर मोठ्या, अंग तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. आईलाच ओळखेना. चार बाप्यांनी त्याला धरला आणि गेळाचं पाणी ओतलं. गिळायची शुद्ध कुठली! घोट श्वासनळीत गेला, ठसका लागून पोर निळं पडलं. मग जीपनं नसरापूरला नेलं. धोतरा दोन-तीन दिवसांत उतरला. छातीत गेलेल्या पाण्याचं दुखणं मात्र पंधरा दिवस पुरलं. आजीनं त्यानंतर गेळाचं मडकं उकिरड्यावर रिकामं केलं, काही बोलली नाही.

तो मुलगा त्या दिवशी वेल्ह्याला गेला नाही. चार दिवसांनी त्याचा फोन आला, पुण्याला परतलो म्हणून. बाकीच्यांचं काय झालं, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गोळ्यांची पट्टी मी विकली नव्हती.

आपल्या घरात, शेतावर, सहलीत कुणी झाडाझुडपाचं काही खाल्लं-प्यायलं आणि ओकायला लागलं, किंवा ओकत नाही पण भलतंच बरळतंय, तर मीठपाणी पाजू नका, घशात बोटं घालू नका. शुद्ध हरपत असेल तर एका कुशीवर वळवून ठेवा आणि १०८ ला फोन करा. रोजची औषधं कुठली चालू आहेत, ते डॉक्टरांना आधी सांगा. आणि निघताना त्या झाडाची एक फांदी, पानाफळासकट, पिशवीत टाकून सोबत न्या.